वाघाच्या शिवारात देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

धुरकरी | ३ नोव्हेंबर, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी सिंदेवाहीकडचा. धान कापणीला आलाय आणि रानडुकरांपायी रात्रीची जागल सुरू आहे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला चार बल्ल्या ठोकून माळा बांधतात. वर तणस, घोंगडी, टॉर्च आणि बडवायला तेलाचा रिकामा डबा. खाली शेकोटी. डुकरांचा कळप आला की डबा बडवायचा, हाकारे द्यायचे. डुकरांना कोणी भीत नाही. डुकरांच्या मागावर जो येतो त्याला भितात.

यंदा आमच्या शिवारात पिल्लांची वाघीण आहे. वनखात्याचे लोक येऊन सांगून गेले: एकट्याने जाऊ नका, अंधारात वाकून काम करू नका. पण धान तर उभा आहे, सोसायटीचं कर्जही उभं आहे.

बाबा माळ्यावर चढण्याआधी शिवेवरच्या वाघोबाला हात जोडतात. मी बी.एस्सी. झालेला माणूस, तरी वर बसलो की तोंडात नाव येतंच. भीती जात नाही. पण खाली काही खसफसलं की टॉर्च नीट धरता येतो, एवढं खरं. मग सकाळी डोकं चालू होतं. मागे शेजारच्या गावातला एक माणूस वाघाने नेला. तो आमच्या भजनात टाळ वाजवायचा. नाव तर तोही घेत होता.

हे विचारतो म्हणून मी नास्तिक नाही. भरवसा आहे म्हणूनच विचारतो. भीतीच्या वेळी तुम्ही देवाला काय मागता? आणि मिळतं काय?

विनंती: ‘सगळं थोतांड आहे’ आणि ‘श्रद्धा ठेवा, सगळं ठीक होईल’ हे दोन्ही प्रतिसाद देऊ नका. दोन्ही घरीच मिळतात.

---

कापूसकोंड्या | रात्री ९:२०

पहिला नंबर! भाऊ, कुंपणाच्या तारेत हलका करंट सोडणारं झटका मशीन लावा अन् घरी झोपा. देवालाही आराम, तुम्हालाही.

---

धुरकरी | रात्री ९:३१

@कापूसकोंड्या, मशीन आहे हो, पण एका बाजूलाच तार पुरते. आणि काही जण लाइनचा सरळ करंट सोडतात, त्यात डुक्कर मरतं, वाघ मरतो आणि पहाटे पाणी पाहायला गेलेला माणूसही मरतो. ते नको.

---

मोहफूल | रात्री १०:०५

धुरकरी भाऊ, तुमच्या प्रश्नाला आमच्या भागात एक जुनं उत्तर आहे, पण कोणी ते उत्तर म्हणून सांगत नाही.

ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू. गोंड लोक सांगतात की तो गावाचा प्रमुख होता, वाघाशी झुंजला आणि त्यात गेला. तळ्याच्या काठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे यात्रा भरायची. म्हणजे बघा, ज्याला वाघाने मारलं त्यालाच लोकांनी देव केलं. वाघाला लोळवणारा कोणी पहेलवान नाही शोधला. वाघाच्या मुलखात राहणाऱ्या माणसांनी हात जोडायला जो निवडला, त्याने ‘मी तुला वाचवीन’ असं कधी म्हटलंच नसेल. स्वतःच वाचला नाही तो! मग लोक त्याच्यापुढे कशाला जातात?

मला वाटतं, त्याला ठाऊक आहे म्हणून जातात. वाघासमोर उभं राहिल्यावर पोटात काय होतं हे त्याला सांगावं लागत नाही.

माझी आई अजून मोहफुलं वेचायला जाते. होळीच्या आसपास, पहाटे. ओणवं होऊन वेचायचं काम ते, आणि वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो. जाताना ती वाघोबाला सांगते, “आम्ही चार बाया आलो आहोत जी, तू तिकडून जा, आम्ही इकडून जातो.” ती रक्षण कर म्हणत नाही. वाटणी सांगते. आणि बोलते मोठ्याने, अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल असं. आता हा नमस्कार झाला की वाघाला दिलेली सूचना, ते तुम्ही ठरवा. आईला विचारलं तर म्हणते, “दोन्ही एकच नाही का?”

---

तर्कट | रात्री १०:४०

मोहफूल ताई, छान लिहिलंत. पण मोठ्याने बोलल्याने वाघ बाजूला होतो, वाघोबाने नाही. श्रेय चुकीच्या खात्यात जमा होतंय.

---

मोहफूल | रात्री १०:४४

वाघोबा नसता तर तिने मोठ्याने बोलायचं कशाला? तुमच्या पुस्तकाने शिकवलं असतं, पण तिला वाचता येत नाही.

---

राळेगावची लेक | रात्री ११:१८

२०१८ आठवलं. आमच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात टी-१ वाघिणीची दहशत होती तेव्हा. तेरा जणांच्या मृत्यूचं नाव तिच्यावर होतं. २ नोव्हेंबरला तिला गोळी घातली, तोवर ऐन वेचणीच्या दिवसांत वावरात बाई मिळत नव्हती. कापूस बोंडातून लोंबत होता. त्याच्या आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्लेली, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने विसाहून जास्त माणसं गेलेली. म्हणजे एका वर्षी औषधाची भीती, दुसऱ्या वर्षी वाघाची, आणि कापसाच्या भावाची भीती तर दरसाल.

आम्ही काय केलं? बाया दहा-पंधराच्या टोळीने जायच्या. एकीच्या मोबाइलवर गजानन महाराजांचं भजन लावलेलं, मोठ्या आवाजात. कोणी म्हणेल ही भक्ती, कोणी म्हणेल भोंगा. उन्हं उतरायच्या आत सगळ्या परत. एकीला उशीर झाला तर बाकीच्या धुऱ्यावर थांबायच्या. मजुरी बुडो की काही होवो.

मी मागितलं काय? खरं सांगू, मी मागितलं की वाघीण आमच्या वावरात न येता दुसऱ्याच्या वावरात जावो. अशीही प्रार्थना असते, लाजायचं काय त्यात.

---

आबाजी वऱ्हाडी | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:०२

बाप्पा, तुमी पोट्टे लय इचार करता.

मी शेगावले तरुनपनापासून जातो. गजानन महाराज १८७८ च्या माघ वद्य सप्तमीले शेगावात दिसले, उष्ट्या पत्रावळीवरचं अन्न येचून खात होते. आता पाहा, ज्याले लोकं देव मानतात त्याची पयली ओळख काय, तं उष्टं खानारा मानूस. त्याले कशाची भीती रायणार? भीती त्याले, ज्याचं काही जाणार हाय. मले जवा जवा लय भेव लागलं तवा मी हेच पाह्यलं, का माहं नेमकं काय जाऊन रायलं. अर्ध्या येळा तं मानच जात होता, जीव नाई.

अन् गाडगेबाबा. आमच्या शेंडगावचा मानूस, कीर्तनात देवळातल्या देवालेच प्रश्न इचारनारा. पोरगा गेल्याची बातमी कीर्तनात आली, तरी त्यानं कीर्तन थांबवलं नाई म्हनतात. तवा त्याचा देव झोपला होता का? त्यानं असं इचारलं नाई. दुसऱ्या दिवशी खराटा घेऊन गाव झाडाले लागला.

एवढंच सांगाचं होतं. म्हशीची धार काढाची हाय.

---

तर्कट | सकाळी ८:१५

आबाजी, नमस्कार. गाडगेबाबांवर माझीही श्रद्धा म्हणा हवं तर. पण ते आयुष्यभर सांगत राहिले की नवस करू नका, कोंबडं-बकरं कापू नका, कर्ज काढून तीर्थ करू नका. आणि आपण करतो काय? पोथीतले चमत्कार तेवढे पाठ. साप चावला तर आधी देवस्थान, मग दवाखाना. माझा आक्षेप धुरकरींच्या माळ्यावरच्या नामाला नाही. आक्षेप या ‘आधी’ला आहे.

---

उपकेंद्रावरून | दुपारी १:५०

तर्कट यांनी सापाचं काढलं म्हणून लिहिते. मी एका उपकेंद्रावर नर्स आहे. गाव सांगणार नाही.

पावसाळ्यातली रात्र. एक तरुण बाई जमिनीवर अंथरुण टाकून झोपलेली. पहाटे उठली ती पोट दुखतंय म्हणून. घरच्यांनी ओवा दिला, गरम पाणी दिलं. मला बोलावलं तेव्हा तिच्या पापण्या जड झालेल्या, डोळे उघडत नव्हते आणि शब्द घोगरे येत होते. अंगावर डाग नाही, सूज नाही. मण्यार असाच चावतो. झोपेत चावतो, दुखत नाही, खूण सापडत नाही. विष मज्जातंतूंवर जातं आणि हळूहळू श्वास घ्यायचे स्नायूच थांबतात. परड म्हणजे घोणस चावली तर निदान पाय सुजतो, लोक घाबरून पळतात. मण्यारीत लोक पोटदुखीचं औषध शोधत बसतात.

सासूबाई म्हणाल्या, अमुक देवस्थानावर नेऊ, तिथे निंबाच्या पाल्याने उतरवतात, पाच फेऱ्या मारल्या की झालं. घरातले सगळे त्यांच्या बाजूने. मी वाद घातला नाही. देव्हाऱ्यात महाराजांचा अंगारा दिसला. मी म्हटलं, “आई, अंगारा लावा कपाळाला. महाराजांचं नाव घ्या. नाव घेत घेत ऑटोत बसा, मी पण येते.” क्षणभर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि उठल्या. १०८ ला फोन केला होता, पण रस्त्यात नाल्याला पाणी होतं म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत ऑटोने गेलो.

पूर्ण रस्ताभर त्या सुनेचं डोकं मांडीवर एका कुशीला धरून ‘गण गण गणात बोते’ म्हणत होत्या. मी सांगितलं होतं की तिची मान सरळ पडू देऊ नका, लाळ घशात जाईल. त्यांनी मान एकदाही हलू दिली नाही. आवाज चढत होता, हात स्थिर होता. ग्रामीण रुग्णालयात सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू झालं, पुढे जिल्ह्याला नेऊन व्हेंटिलेटर लावावा लागला. वाचली.

आता मला विचारा कोणी वाचवलं. इंजेक्शनने वाचवलं. ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण इंजेक्शन त्या घरात नव्हतं, तिथपर्यंत पोचायचं होतं. आणि त्या घराला उंबऱ्याबाहेर काढलं ते माझ्या नर्सच्या डिग्रीने नाही.

जाता जाता: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, चालवू नका. चावलेला भाग हलू न देता न्या. पावसाळ्यात खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचून.

---

तर्कट | दुपारी २:२०

ताई, सलाम. पण सासूबाई नाही उठल्या असत्या तर?

---

उपकेंद्रावरून | दुपारी २:२६

तर उचलून नेलं असतं, आणि त्यांना मागून शिव्या देऊ दिल्या असत्या.

---

तर्कट | दुपारी २:४१

😀 मान्य. सगळ्यांच्या माहितीसाठी: २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे स्पष्ट आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा आहे. घरात अंगारा लावून दवाखान्यात जाणं गुन्हा नाही. कायद्यालाही तुमच्या इतकाच फरक कळतो.

---

निळी पहाट | संध्याकाळी ५:३७

थोडा वेगळा सूर लावते, रागावू नका.

आमच्या घरात देव नाही. माझ्या आजोबांना वाघाची भीती कधी वाटली असेल तर माहीत नाही, त्यांना गावच्या विहिरीची भीती वाटायची. चुकून पोहऱ्याला हात लागला तर काय होईल याची. त्या भीतीसाठी त्यांनी किती देवांना हात जोडले असतील! विहीर तशीच राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ ला ते नागपूरला पोचले. काही वाट बैलबंडीने, काही पायी. दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. आजी सांगायची, परत आलेला माणूस मान वर करून चालत होता आणि गावातले लोक त्याच्याकडे बघत होते.

आम्हीही भीतीच्या वेळी म्हणतो बरं का. त्रिसरण म्हणतो, परित्राण पाठ म्हणतो. माझा मुलगा आयसीयूत होता तेव्हा मी रात्रभर म्हणत होते. पण कोणाला काही मागत नव्हते. मागायला समोर कोणी नाहीच. तरी धुरकरी म्हणतात तसा टॉर्च नीट धरता येतो, हा अनुभव माझाही आहे. मग तुमच्या प्रश्नातला ‘देव’ हा शब्द काढला तरी प्रश्न उरतो की नाही?

---

धुरकरी | संध्याकाळी ६:१०

@निळी पहाट, उरतो, ताई. पण माझ्यापुरतं सांगतो, मला समोर कोणीतरी लागतं. रात्री दोन वाजता मी ‘कोणी नाही’शी बोलू शकत नाही. कदाचित ही माझी कमकुवत बाजू असेल. तुमच्या आजोबांचं वाचून मात्र गप्प झालो. आमच्या गावातली ती विहीर अजून आहे, आता कोणी पाणी भरत नाही तिथे.

---

रिद्धपूरकर | रात्री ८:२२

आमचं महानुभाव घर. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर म्हणजे आमची काशीच. चक्रधर स्वामींची सशाची लीळा तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. पारधी कुत्र्यांसकट सशामागे लागलेले. ससा पळत पळत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारधी मागतात, स्वामी देत नाहीत. शरण आलेल्याला कसं द्यायचं, यावर बोलणं होतं, आणि शेवटी पारधीच शिकार सोडून जातात. ससा मोकळा.

लहानपणी ऐकताना मी स्वामींकडे बघायचो. आता सशाकडे बघतो. ससा काही जागेवर बसून स्वामी येतील म्हणून डोळे मिटून बसला नव्हता. आधी जीव घेऊन पळाला. शरण जायलाही पायात बळ लागतं. धुरकरी भाऊ, माळा बांधता, शेकोटी पेटवता, डबा बडवता, ते सगळं पळण्यातच मोडतं. नाव त्याच्या शेवटी येतं. नुसतं नाव घेऊन जो बांधीत उघड्यावर झोपेल, त्याला मी भक्त म्हणणार नाही.

(टाळ वाजवणाऱ्या माणसाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तोही पळाला असेलच.)

---

कापूसकोंड्या | रात्री ८:५०

धागा भलताच गंभीर झाला, म्हणून मीही एकदा गंभीर होतो.

वाघ, साप दिसतात तरी. बँकेची नोटीस आली की कुठे माळा बांधायचा? आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते, मोझरीची पद्धत. दिवेलागणीला खंजिरी वाजली की म्हातारे-कोतारे, दोन-चार तरुण सभामंडपात बसतात. अर्धा तास. मी टिंगल करायचो, आवाज बेसूर लागतो म्हणून.

आमच्या शेजारचा एक भाऊ रोज यायचा, खांबाला टेकून बसायचा. त्याची जागा ठरलेली. सोयाबीन पिवळं पडून गेलं त्या साली एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. खंजिरी वाजवणारे काका प्रार्थना आटोपल्यावर म्हणाले, “खांब रिकामा आहे, चला पाहून येऊ.” पाच-सहा जण गेले. तो गोठ्यात बसला होता, आणि शेजारी फवारणीच्या औषधाची बाटली होती. झाकण अजून उघडलेलं नव्हतं. कोणी प्रवचन दिलं नाही. बाटली एकाने उचलली, दुसऱ्याने चहा मांडला, रात्री दोघं तिथेच झोपले. पुढे त्याला जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या चालू झाल्या. कर्ज अजून आहे. माणूसही आहे.

त्या दिवशी देव कुठे होता विचारलं तर मी म्हणेन, हजेरी घेत होता.

कोणाला स्वतःबद्दल किंवा घरातल्या कोणाबद्दल तशी शंका आली तर १४४१६ वर फोन लावा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि औषधाच्या बाटल्या कुलपात ठेवा, किल्ली बाईमाणसाकडे.

---

राळेगावची लेक | रात्री ९:०५

कापूसकोंड्या दादा, तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं. रडवलंत.

---

आबाजी वऱ्हाडी | रात्री ९:१०

खांबाची गोठ सांगून पोट्ट्यानं बरं केलं. मी आमच्या मंडळात उद्याच सांगतो, कोण आलं नाई ते पाहाचं.

---

धुरकरी | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस रेंज नव्हती.

माझं म्हणणं आता थोडं सरळ झालंय. बाबांनाच विचारलं, वाघोबाला काय मागता. म्हणाले, “मागत नाही. सांगून जातो की मी चाललो, घरी लेकरं आहेत.” मोहफूल ताईंच्या आईसारखंच. मी मात्र आजवर हिशेब मांडत होतो: नाव घेतलं, आता वाघ येऊ नये. टाळ वाजवणाऱ्याचं मरण त्या हिशेबात बसत नाही, आणि कोणी बसवून दाखवलं तर मला त्या माणसाचा रागच येईल. त्याच्या बायकोसमोर उभं राहून ते बोलून दाखवा म्हणेन.

कापूसकोंड्यांचं वाचल्यावर गावात बोललो. आमच्याकडे आठ घरांची जागल आहे, प्रत्येक जण आपल्या माळ्यावर एकटा. आता दोन बांध्यांत मिळून एक माळा, दोन माणसं, आणि रात्री ठराविक वेळी एक जण हाक देणार, बाकीच्यांनी ओ द्यायची. हाक काय द्यायची यावर तासभर भांडण झालं. शेवटी गोंडांचं ‘जय सेवा’ आणि ‘रामकृष्णहरी’ दोन्ही ठरलं, ज्याला जे येईल ते. वनखात्याच्या प्राथमिक प्रतिसाद दलाच्या पोरांचे नंबरही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकले.

---

तर्कट | सकाळी १०:५२

आणि ओ नाही आली तर?

---

धुरकरी | सकाळी ११:०४

तर सगळे मिळून टेंभे, डबे घेऊन जायचं, एकट्याने उतरायचं नाही. काल एका माळ्यावरून ओ आली नाही. गेलो तर दोघंही घोरत होते. बाबांनी दिलेल्या शिव्या इथे लिहिता येत नाहीत.

---

उपकेंद्रावरून | सकाळी ११:३०

माळ्यावरून उतरताना आधी खाली टॉर्च मारा. धानाच्या तणशीत उंदीर असतात, उंदरांमागे परड असते. बूट झटकून घाला.